चालायला नको होतं ते मशीन

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं म्हणून इथले बहुतेक अनुभव सुरू होतात, आणि संपेपर्यंत लिहिणाऱ्याचा विश्वास बसलेला असतो. माझा अजूनही बसलेला नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तक जागेवर नसेल तर ते कुणीतरी चुकीच्या फळीवर ठेवलेलं असतं, याहून वेगळं कारण मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. आमच्या घरात अब्बांनी जिन्न-भुतांच्या गोष्टी कधी चालू दिल्या नाहीत. तरीही २००९ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे झालं ते मला कुठल्याच फळीवर ठेवता आलेलं नाही. म्हणून लिहितेय... जसं आठवतं तसं, सावकाश.

आम्ही बल्लारपूरचे, इथल्या बोलण्यात बल्लारशा. घर स्टेशनच्या पलीकडे – पुढची बैठक, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. वारा पेपर मिलकडून आला की उग्र वास येतो, दुसरीकडून आला की कोळशाची धूळ. घरात मी, माझी म्हातारी खाला म्हणजे मावशी, धाकटा भाऊ अन्वर आणि त्याची बायको रेहाना. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इथलं मराठी.

अन्वर कॉम्प्युटरचं काम करायचा. शाळा, दवाखाने, डेपो, गडचिरोली जिल्ह्यात पार आतपर्यंत जायचा. त्या वर्षी होळीच्या आधी आलापल्लीपलीकडच्या एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर बसवायला गेला आणि ताप घेऊन परत आला. मेंदूचा मलेरिया. चंद्रपूरला नेईपर्यंत तो माणसं ओळखत नव्हता. शेवटचं शुद्धीतलं काय बोलला असेल ते रेहानाशी बोलला असेल. मी विचारलं नाही.

आता मशीनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

रेहाना घरून काम करायची. नागपूरच्या एका ऑफिसातून तिला डॉक्टरांची रेकॉर्डिंग्ज यायची, ती ऐकून टाईप करून पाठवायची. पेशंटची माहिती असल्यामुळे ऑफिसची अट होती की घरातलं इंटरनेट बंदिस्त हवं, मधे चांगली फायरवॉल हवी. बाजारातला तयार राउटर त्यांना चालत नव्हता. अन्वरने मग एक जुनं ऑफिसचं मशीन आणून त्याच्यात एक युक्ती केली होती. त्याने मला समजावलं ते असं – "आपा, खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दोन खोटे कॉम्प्युटर. बाहेरची तार आधी पहिल्याच्या हातात. तो दरवान, तीच फायरवॉल. त्याने पाहून सोडलं तेवढंच आत. दुसऱ्यात रेहानाच्या फायली."

"मग दोन खरे का नाही घेत?" मी विचारलं होतं.

"इन्व्हर्टरला विचार," तो म्हणाला.

त्या वर्षांत आमच्याकडे लाईन किती जायची ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

अन्वर गेल्यावर काही दिवसांतच एका दुपारी व्होल्टेज एकदम वाढलं. बैठकीतले दोन बल्ब फुटले, आणि मधल्या खोलीतून जळका वास आला. मशीनचा बोर्ड गेला होता. हार्ड डिस्क वाचली, पण ती बसवायला नवीन मशीन हवं होतं.

रेहाना इद्दतीत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – नवरा गेला की आमच्यात बाई चार महिने दहा दिवस त्याच्याच घरात राहते. गरजेशिवाय बाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. कुणी याबद्दल काहीही म्हणो, रेहानावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. खालाने एकदा सांगितलं, आणि रेहाना म्हणाली, "त्याच्यासाठी आता दुसरं काय करू शकते मी? एवढं तरी नीट करू द्या."

ऑफिसने तिला आठवड्याची मुदत दिली. तेवढ्यात इंटरनेट सुरू झालं नाही तर काम दुसऱ्या बाईला. आणि तिचे वडील वणीहून येऊन सांगून गेले होते, "इद्दत झाली का मी घेऊन जातो. नणदेच्या घरी किती दिवस राहशीन?" ती म्हणाली होती, "माझं काम आहे इथं." तेवढं एकच उत्तर तिच्याकडे होतं. ते काम गेलं असतं तर उत्तरही गेलं असतं. तिला वणीला परतायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ती गेली असती तर त्या घरात मी आणि खाला... दोघींनी एकमेकींकडे पाहत बसायचं.

तर मशीन निवडायला मी गेले. माऊस आणि कीबोर्ड यांच्यापलीकडे मला काही कळत नव्हतं.

मी निघताना रेहानाने माझ्याकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. एक, दोन तारा लागतील, एक बाहेरची, एक आतली. तेव्हा नेटवर्कची दोन तोंडं हवीत. दोन, वीज कमी खाणारं हवं. तीन, आणि हे सगळ्यात मोठं – प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ते खोटे कॉम्प्युटर, चालवायची सोय असली पाहिजे. "सगळ्यात नसते, आपा. अन्वरने जे सॉफ्टवेअर वापरलंय ते त्या सोयीशिवाय जागचं हलत नाही. बाकी दोन नसतील तर काहीतरी करता येईल, हे नसेल तर काहीच नाही."

चंद्रपूरला गोलबाजाराच्या बाजूला, अन्वर सामान घ्यायचा त्या दुकानात गेले. मालकाला इथे गिरीशभाऊ म्हणते. त्याने दोन मशीन काढून ठेवली. एक जुनं, जाड, ऑफिसातून निघालेलं. त्याने सुरू करून दाखवलं तर गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. दुसरं नवं, एवढंसं, पुस्तकाच्या दोन खंडांएवढं. अजिबात आवाज नाही.

"याले पंखाच नाई," गिरीशभाऊ म्हणाला. "मॅडम, आपल्या इथी पंखा म्हंजे कोळशाची भुकटी आत ओढाचं मशीन. बल्लारशाले नेऊन राह्यले ना तुम्ही? सहा महिन्यांत त्या मोठ्याच्या पोटातून चुलीभर कोळसा काढान."

"आणि इन्व्हर्टरवर?"

"हे लहानं असं चालन का तुम्ही विसरून जासान चालू आहे म्हणून. ते मोठं पंखा, टीव्ही सगळं खाऊन घेईन."

मी तिसरी गोष्ट विचारली. तो मशीन पुसत म्हणाला, "असते जी. आजकाल सगळ्यात असते."

मी घरी फोन लावला. रेहाना म्हणाली, "त्याला म्हणा मशीन सुरू करताना सेटिंगचा पडदा उघडून दाखव." मी गिरीशभाऊला म्हटलं. तो म्हणाला, "काय पाहाचं आहे त्यात?" मी फोनमध्ये म्हटलं, "काय पाहायचं विचारतोय." रेहानाने एक इंग्रजी नाव सांगितलं. मी ते त्याला सांगितलं. त्याने पडदा उघडला, वर-खाली केलं, म्हणाला, "हे पाहा, आहे ना," आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ मी वाचली. ती तिने सांगितलेल्या नावासारखी होती, पण तीच नव्हती. मी तसं फोनवर म्हटलं.

"मॅडम, असं कसं जमन," गिरीशभाऊ हात पुढे करत म्हणाला. "द्या ना त्यायले फोन. दोन मिनटात बोलतो ना मी त्यायच्याशी."

फोनमध्ये पलीकडून खालाचा आवाज आला – "कोण मागतंय फोन?" मग रेहाना म्हणाली, "नाही आपा, तुम्हीच बोला."

"त्या बोलत नाहीत," मी त्याला म्हटलं. "इद्दतीत आहेत."

गिरीशभाऊने लगेच हात मागे घेतला. "माफ करा जी. मले माहीत नाई." मग हळूच म्हणाला, "अन्वरभाऊच्या घरचे का तुम्ही? मंग मी तुम्हाले चुकीचं कसं देईन?"

तो चुकीचं देत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि मलाही लहान मशीन आवडलं होतं. आवाज न करणाऱ्या वस्तू मला आवडतात. मी फोनमध्ये म्हटलं, "तो आहे म्हणतोय." रेहाना म्हणाली, "तुम्ही पाहिलंत ना?" मी म्हटलं, "हो."

मशीनमध्ये नेटवर्कचं एक तोंड होतं, दुसऱ्यासाठी गिरीशभाऊने जास्तीचं कार्ड बसवून दिलं. पिशवी मांडीवर घेऊन मी बसने परत आले.

रेहानाने त्याच संध्याकाळी जुनी डिस्क त्याच्यात बसवली. दोन्ही तारा लावल्या. बटण दाबलं, आणि लगेच उठून बैठकीत येऊन माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "पडद्यावर पाहायचं नाही का?" ती म्हणाली, "आवाज येईल." फायरवॉल पूर्ण उभी राहिली की मशीनने तीनदा बारीक टीं करावं, अशी व्यवस्था अन्वरने करून ठेवली होती. आम्ही दोघी दाराकडे पाहत बसलो. बराच वेळ काही नाही. मग आतून आलं... टीं, टीं, टीं.

खाला आतून म्हणाली, "आला वाटतं." तिला मशीन म्हणायचं होतं. पण अन्वर दारात आला की ती अगदी असंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी नागपूरने तपासून घेतलं, पास केलं. काम सुरू झालं. लाईन जायची तेव्हा इन्व्हर्टर ते लहान मशीन सहज ओढायचा, त्यामुळे ते कधी बंद करावं लागलं नाही. माझी निवड बरोबर ठरली म्हणून मला बरंही वाटत होतं. दुःखात असं छोटंसं बरं वाटणं फार मोठं होतं.

मे महिन्यात मनोज आला. मनोज आमच्याच गल्लीतला, अन्वरचा शाळेपासूनचा दोस्त, हैदराबादला नोकरीला. जुन्या मशीनवरची ती सगळी रचना दोघांनी मिळून केली होती. अन्वरच्या मातीला त्याला पोचता आलं नव्हतं. बहिणीच्या लग्नाला आला तो आधी आमच्याकडे आला, बैठकीत बसला, बराच वेळ नुसता चप्पल ठेवायच्या जागेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आपा, वहिनीले विचारा, मशीन ठीक चालते का. पाहून देऊ का?"

रेहाना स्वयंपाकघरात गेली, पडदा ओढला. मनोज मधल्या खोलीत आला. मशीन पाहून हसला. "हे एवढंसं कोणी आणलं?"

"मी."

"चांगलं आहे. पण..." त्याने कीबोर्ड ओढून काहीतरी टाईप केलं. मग पुन्हा टाईप केलं. मग खाली वाकून मशीनच्या बाजूचं लेबल वाचलं, आणि कव्हरचे स्क्रू काढून ते उघडलं. मशीन चालूच होतं. आत बोटाएवढ्या जागेत सगळं होतं. तो आत वाकला.

"आपा, हे कशावर चालून राह्यलं?"

"म्हणजे?"

"याच्यात ती सोयच नाई. या प्रोसेसरमध्ये येतच नाई ती. मी आत्ता मशीनले विचारलं, ते पण नाईच म्हणते." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि हे इथं पाहा, फायरवॉल चालू आहे. दोन्ही खोटे कॉम्प्युटर चालू. हे असं होऊ शकत नाई."

"तुझं काही चुकत असेल," मी म्हटलं.

"चुकत असन ना. मी पण तेच म्हणतो." तो पुन्हा आत वाकला. "आणि सुरू होताना ते टीं टीं... ते ऐकलं तुम्ही?"

"तिघींनी ऐकलं."

"स्पीकर कुठी आहे याच्यात?"

मी वाकून पाहिलं. मला काय कळणार. त्याने दाखवलं, बोर्डवर दोन उघड्या काड्या होत्या, जिथे स्पीकरची तार लावतात. त्यांना काही लावलेलं नव्हतं. दुकानदाराने स्पीकर दिलाच नव्हता.

खोलीत पंखा फिरत होता. पडद्यामागे भांड्यांचा आवाज थांबला होता.

"एकदा बंद करून सुरू करून पाहू," मनोज म्हणाला. "काय आहे ते कळन तरी."

"हात नका लावू." पडद्यामागून रेहाना बोलली. इद्दतीतला तिचा परक्या माणसाशी बोललेला तो पहिला आणि शेवटचा शब्द.

मनोजने हात काढून घेतला. मग तो माझ्याकडे पाहून, पण तिला ऐकू जाईल असं, हळू बोलला – "वहिनी, मी हे साध्या पद्धतीनं बसवून देऊ शकतो. खोटे कॉम्प्युटर काढून टाकतो, नुसती फायरवॉल. पण ऑफिस पुन्हा तपासन, दोन-चार दिवस जाईन. आणि मी उद्या लग्नात आहे, परवा निघतो. दुसरं एक सांगतो... हे एकदा बंद झालं ना, तर पुन्हा सुरू व्हाले नाई पाहिजे. जसं ते पहिल्यांदाच सुरू व्हाले नाई पाहिजे होतं."

रेहानाने मला आत बोलावलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. ती म्हणाली, "त्यांना म्हणा, राहू द्या. इद्दत संपली की मी स्वतः जाऊन मशीन पाहून घेईन. तोपर्यंत चालेल तितकं चालेल."

मनोज गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांची चाल बदलली. मधल्या खोलीतून जाताना आम्ही पाय न वाजवता जायला लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. खाला झाडू मारताना त्या फळीखालची जागा सोडायची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम मी माझ्याकडे घेतलं. कॉलेजात नोंदी करता करता मला वाटायचं, आत्ता घरी लाईन गेली असेल. रेहाना मात्र तशीच कानाला हेडफोन लावून टाईप करत बसायची. मी एकदा विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला फायली वेळेवर द्यायच्यात."

मग तो दिवस आला. मेच्या शेवटी, भर दुपारी, गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि ट्रान्सफॉर्मर जळला. नवा यायला संध्याकाळ होईल, कदाचित उद्या, असं लोक सांगू लागले. रेहानाकडे त्या दिवशीच्या फायलींचा मोठा गठ्ठा होता, संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचायला हवा होता. व्होल्टेजच्या वेळी मुदत दिली तेव्हाच ऑफिसने बजावलं होतं, पुन्हा खंड पडला तर काम देणार नाही.

आम्ही सगळे पंखे बंद केले. फ्रिजचा प्लग काढला. घरातली प्रत्येक वस्तू बंद करून फक्त ते मशीन, मोडेम आणि रेहानाचा कॉम्प्युटर. भिंती तापलेल्या होत्या, फरशीवर पाय ठेववत नव्हता. खाला ओलं फडकं डोक्यावर घेऊन दारात बसली. तरी बॅटरी जुनी होती... दुपार कलायच्या आत इन्व्हर्टर ओरडायला लागला.

मी शेजारच्या बाबारावभाऊंकडे धावले. त्यांचा ट्रक होता. सांगितल्याबरोबर त्यांनी ट्रकची बॅटरी काढली, खांद्यावर घेऊन आमच्या बैठकीत आणून ठेवली, घाम पुसत म्हणाले, "बाई, ही लावून देतो. पण जुनी काढून ही लावेपर्यंत सगळं बंद होईन. एक-दोन मिनिटं. चालन ना?"

मी आत गेले. रेहानाने ऐकलं होतं. दोन्ही वाटा बंद होत्या. बॅटरी बदलली नाही तर थोड्या वेळात मशीन आपोआप बंद पडणार. बदलायची तर आत्ताच बंद करावं लागणार.

"त्यांना म्हणा थांबा," ती म्हणाली. तिने मशीन नीट, क्रमाने बंद केलं, एखाद्या माणसाला हाताला धरून बसवावं तसं. फळीवरचा हिरवा दिवा गेला. "आता काढू द्या."

बाबारावभाऊंनी तारा बदलल्या आणि ते अंगणात जाऊन बसले. रेहानाने बटण दाबलं. या वेळी ती बैठकीत आली नाही. आम्ही दोघी पडद्यासमोर उभ्या राहिलो. पांढऱ्या ओळी वर सरकत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. मला त्यातलं इंग्रजी वाचता येत होतं. प्रोसेसरमध्ये ही सोय नाही, म्हणून व्हर्च्युअल मशीन सुरू करता येत नाही... असं सरळ लिहिलं होतं. खाली कर्सर लुकलुकत होता.

रेहाना खुर्चीवर बसली. "झालं," ती म्हणाली. एवढंच. तिने हेडफोनची तार गुंडाळायला घेतली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या वडिलांची गाडी दारात उभी राहिली.

घर पूर्ण शांत होतं. पंखे बंद, फ्रिज बंद, गल्लीत कुणी नाही. अशी शांतता आमच्या घरात मी आधी कधी ऐकली नव्हती. त्यामुळे चुकायला जागा नव्हती.

टीं. टीं. टीं.

बैठकीतून नाही, बाहेरून नाही – फळीवरून. खालाने दारातून वळून पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. ती ओळ तिथेच होती, सोय नाही म्हणणारी. कर्सर तसाच लुकलुकत होता. आणि मशीनच्या मागचे दोन्ही नेटवर्कचे दिवे उघडझाप करायला लागले होते, आधी बाहेरच्या तारेचा, मग आतल्या तारेचा.

माझ्या अंगावर काटा आला हे खरं आहे. मी म्हटलं, "रेहाना..."

"नंतर, आपा," ती म्हणाली. तिने हेडफोन लावला. नागपूर लागलं होतं.

संध्याकाळी फायली पोचल्या. त्या दिवसानंतर आम्ही त्या मशीनचा पडदा चालू केला नाही.

बाबारावभाऊंची बॅटरी आम्हाला नवी मिळेपर्यंत आमच्याकडेच राहिली, त्यांनी मागितली नाही.

जुलैत इद्दत संपली. रेहाना पहिल्यांदा घराबाहेर पडली ती माझ्याबरोबर चंद्रपूरला, त्याच दुकानात. गिरीशभाऊला तिने स्वतः सगळं विचारलं. त्याने चार मशीन काढली, तिने प्रत्येकाचा सेटिंगचा पडदा उघडला, ओळ वाचली, आणि चौथं पसंत केलं. मध्यम आकाराचं, पंखा असलेलं. गिरीशभाऊ म्हणाला, "वहिनी, कोळसा जाईन बरं आत." ती म्हणाली, "मी काढीन."

मनोजशी ती फोनवर बोलली, तो सांगत गेला तसं तिने दोन रात्रींत सगळं नव्या मशीनवर चढवलं. ऑफिसने तपासलं, पास झालं. जुनं लहान मशीन फळीवर चालूच होतं, त्याच्या नेटवर्कच्या तारा काढलेल्या होत्या. आता त्याला करायला काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने ते बंद करायला हात पुढे केला आणि मी तिचा हात धरला. त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हा चढला. "राहू दे ना चालू. किती वीज खातं ते? तुझं काय जातं?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आपा, तुम्हाला त्याचा आधार वाटतो. मला माहीत आहे. मला नाही वाटत. मी रोज सकाळी उठून आधी त्या दिव्याकडे पाहते. मनोज येऊन गेल्यापासून पाहतेय. रोज मला वाटतं आज विझलेला असेल, आणि रोज मला अन्वर पुन्हा आजारी दिसतो." तिने नव्या मशीनकडे पाहिलं. "मला असं मशीन हवंय जे बिघडलं तर का बिघडलं ते मला कळेल."

मी हात सोडला. तिने क्रमाने बंद केलं. आवाज काही झाला नाही.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले, गाडी घेऊन. ती नव्या मशीनसमोर बसलेली होती. त्यांनी चहा घेतला, तिचं टाईप करणं थोडा वेळ पाहिलं आणि एकटेच परत गेले. ती आजही इथेच आहे.

मनोज दिवाळीत ते लहान मशीन हैदराबादला घेऊन गेला. तीच डिस्क, तेच कार्ड लावून पुष्कळदा सुरू करून पाहिलं. दर वेळी त्याच ओळीवर येऊन थांबतं, पुढे काही नाही. स्पीकर लावल्यावरही टीं होत नाही. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना त्याने विचारलं. एक म्हणाला, तुम्ही पाहण्यात चूक केली असेल. दुसरा म्हणाला, दुसरंच कुठलं मशीन चालू असेल. घरात दुसरं मशीन नव्हतं. मी स्वतः पुष्कळ शोधलं, पुस्तकांतून, नेटवर. त्या प्रोसेसरवर ते सॉफ्टवेअर चालल्याचा एकही दाखला मला सापडलेला नाही. कुणाला कारण माहीत असेल तर खाली जरूर लिहा. मी वाचेन. कारण असणारच... मला ते फक्त सापडलेलं नाही.

मशीन मनोजने परत आणून दिलं. टाकून देण्यासारखं काहीच नव्हतं त्यात, म्हणून रेहानाने ते आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला दिलं. आता ते माझ्या टेबलाच्या बाजूला असतं. त्यावर पुस्तकांची सूची चालते. मुलं येऊन नाव टाईप करतात, ते फळीचा नंबर सांगतं. अजिबात आवाज करत नाही. कधी कधी ग्रंथालय रिकामं झाल्यावर मी कुलूप लावायच्या आधी थोडा वेळ त्याच्याजवळ बसते. ते त्याला जमतं तेवढंच करतं.